नादाराचे येणे

(राहाता येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



राहाता तालुक्यात शेतकऱ्याच्या कर्जाविषयी बोलावयाचे म्हणजे पुणतांब्याचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. एप्रिल 2017 मध्ये तेथील ग्रामसभेने संपाचा ठराव केला आणि 1 जूनपासून दूध व भाजीपाला शहरांकडे जाणे थांबले. शेतकरी संपावर जातो, ही कल्पनाच तोवर पुष्कळांना हास्यास्पद वाटत होती. तीन-चार आठवड्यांत सरकारला 34 हजार कोटींच्या कर्जमाफीची घोषणा करावी लागली. दीड लाखापर्यंतचे थकीत पीककर्ज त्यात बसले. नोव्हेंबर 2019 मध्ये आलेल्या दुसऱ्या सरकारने ती मर्यादा दोन लाखांवर नेली. या दोन्ही योजनांतील त्रुटी, याद्यांचे घोळ, अंगठ्याचे ठसे न जुळल्यामुळे खोळंबलेली माणसे हे सारे आपल्या कार्यकर्त्यांनी जवळून पाहिले आहे, त्याची उजळणी नको.

परंतु या दोन्ही योजनांमध्ये एक गोष्ट मुळातच नव्हती. शेतकऱ्याच्या डोक्यावर देणे किती, एवढेच त्यांनी मोजले. त्याचे लोकांकडे येणे किती, हा रकाना कोणत्याही अर्जावर नव्हता. व्यापाऱ्याने माल नेऊन पैसे बुडविले, विमा कंपनीने नुकसानभरपाई नाकारली, रस्त्यासाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला न्यायालयात अडकला. असे येणे असलेला कर्जदारही सरकारच्या लेखी केवळ कर्जदारच. आपल्या चळवळीनेही हा रकाना फारसा मागितला नाही, हे मान्य केले पाहिजे. कर्जमुक्तीची घोषणा भिंतीवर लिहिता येते. दिवाणी दाव्याची घोषणा कशी करावयाची?

येणे बाकी असलेल्या माणसाचे दिवाळे निघाले तर त्या येण्याचे काय होते, हा आजचा विषय आहे. तो वकिली वाटतो, पण तेवढाच नाही.

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, कोणा एका माणसाचे नव्हे. राहात्याच्या शिवारात अडीच एकर पेरूची बाग असलेला शेतकरी. परगावच्या व्यापाऱ्याने दोन हंगाम माल नेला आणि 14 लाख रुपये थकविले. पावत्या आहेत, गाडीभाड्याच्या चिठ्ठ्या आहेत, व्यापाऱ्याच्या हातची उचलीची वही आहे. शेतकऱ्याने दिवाणी न्यायालयात दावा लावला. दावा रेंगाळला. दरम्यान बँकेचे 6 लाख, खते-औषधांच्या दुकानाचे अडीच लाख, सोयऱ्यांकडून घेतलेले हातउसने दीड लाख आणि मजुरांचे 40 हजार, असे मिळून 10 लाख 40 हजारांचे देणे अंगावर आले. येणे 14 लाख, देणे साडेदहाच्या आत. वहीवर हा माणूस सावकार आहे. प्रत्यक्षात घरात रॉकेलला पैसा नाही. अशा स्थितीत कोणा धनकोच्या अर्जावरून किंवा त्याच्या स्वतःच्या अर्जावरून न्यायालयाने त्याला नादार ठरविले, तर पुढे काय?

येथे आधी एक खुलासा आवश्यक आहे. 2016 साली संसदेने नादारी व दिवाळखोरी संहिता केली, तिचा गाजावाजा खूप झाला. ती लागू झाली कंपन्यांना, आणि 1 डिसेंबर 2019 पासून कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. साधा शेतकरी, दुकानदार, शिक्षक यांच्यासाठी असलेला संहितेचा भाग कागदावरच राहिला आहे. त्यामुळे मुंबईबाहेर महाराष्ट्रात अशा माणसाच्या दिवाळ्याला आजही 1920 चा प्रांतिक नादारी अधिनियमच लागतो. शंभर वर्षांपूर्वीच्या या कायद्यात कर्जदाराला स्वतः अर्ज करता यावा म्हणून जी किमान देण्याची अट घातली होती, ती आहे 500 रुपयांची. कायदा किती काळ कोणी उघडून पाहिलेला नाही, याची ही एक खूण.

नादारीचा आदेश झाला की माणसाची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. शेतीची अवजारे, बैल, बियाणे, शेतकऱ्याचे राहते घर अशा ज्या वस्तूंवर दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे जप्ती आणता येत नाही, त्या वगळल्या जातात. बाग जाते. आणि बागेबरोबर दावाही जातो. 14 लाखांचे येणे ही मालमत्ताच असल्यामुळे तो दावा यापुढे शेतकऱ्याचा राहत नाही. वादी म्हणून ज्याने पाच वर्षे तारखा केल्या, त्याला आता आपल्याच दाव्यात उभे राहण्याचा अधिकार उरत नाही. अपवाद एवढाच की ज्या फिर्यादी माणसाच्या शरीराशी वा अब्रूशी निगडित आहेत, त्या त्याच्याच राहतात. मारहाणीची भरपाई किंवा बदनामीचा दावा हा धनकोंच्या वाटणीचा माल नाही, हे इंग्रजी कायद्यापासून चालत आलेले तत्त्व आहे. पेरूच्या पैशांना ते लागू नाही.

रिसीव्हरने दावा चालवावा की नाही, याचे उत्तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 22 व्या आदेशातील 8 व्या नियमात आहे. तो नियम नीट समजून घेण्यासारखा आहे. वादी नादार झाला एवढ्याने दावा संपत नाही, असे तो प्रथम सांगतो. रिसीव्हरला तो धनकोंच्या हितासाठी चालविता येतो. मात्र त्याने चालविण्यास नकार दिला, किंवा न्यायालयाने सांगितलेल्या मुदतीत प्रतिवादीच्या खर्चाची हमी दिली नाही, तर प्रतिवादी अर्ज करू शकतो की वादी नादार आहे, सबब दावा काढून टाकावा. न्यायालय तसा आदेश करू शकते; आणि प्रतिवादीचा आजवरचा खर्च नादाराच्या मालमत्तेवरचे ऋण म्हणून धरला जातो. लगेच पुढचा नववा नियम सांगतो की त्याच कारणासाठी पुन्हा दावा लावता येणार नाही. पुरेसे कारण दाखवून तो आदेश फिरवून घेण्याची वाट आहे, पण ती रिसीव्हरला.

याचा अर्थ आपल्या उदाहरणात काय होतो पाहा. 14 लाख बुडविणारा व्यापारी देणेकरी म्हणून आत आला होता. रिसीव्हर गप्प बसला, तर तो धनको होऊन बाहेर पडतो. बागेच्या विक्रीतून जे मिळेल त्यात दुकानदाराच्या आणि सोयऱ्यांच्या शेजारी त्याचाही हिस्सा लागतो.

कायदा येथे मुद्दाम दुष्टपणा करतो असे नाही. हमी मागण्यामागे न्याय आहे. नादाराचा दावा हरला तर जिंकलेल्या प्रतिवादीने आपला खर्च कोणाकडून घ्यावयाचा? ज्याच्याकडे काही नाही त्याच्याशी लढून जिंकणे हेही नुकसानच. शिवाय सगळे दावे पेरूच्या पावत्यांसारखे भक्कम नसतात. बांधाच्या हातभर जमिनीसाठी तीन पिढ्या कोर्टाची पायरी झिजविणारे आपल्याकडे कमी नाहीत; असे भांडण धनकोंच्या पैशांवर पुढे रेटावे, असे कोणी म्हणणार नाही. रिसीव्हरने दावा तपासावा, पुरावा पाहावा, वकिलाचे मत घ्यावे आणि मग सोडून द्यावा, यात गैर काही नाही. बहुतेक वेळा हे काम एखाद्या वकिलाकडे येते. त्याला मेहनताना मिळावयाचा तो याच मालमत्तेतून, आणि मालमत्तेत रोकड नसते. तो सावध असतो, हा त्याचा दोष म्हणता येणार नाही.

दोष आहे तो निर्णय ज्या रीतीने होतो त्यात. 1920 च्या अधिनियमाच्या 59 व्या कलमाप्रमाणे दावा लावावयाचा वा पुढे चालवावयाचा तर रिसीव्हरला न्यायालयाची परवानगी लागते. तडजोड करावयाची तरी परवानगी लागते. केवळ सोडून देण्याला मात्र काहीच लागत नाही; मुदत उलटून जाऊ दिली की पुरे. बाग विकावयाची तर जाहीर लिलाव होतो, गावात दवंडी फिरते, चार माणसे बोली लावतात, दहा माणसे हळहळतात. 14 लाखांचा दावा बुडतो तेव्हा रोजनाम्यात एक ओळ पडते आणि दुपारच्या जेवणाची सुटी होते.

मग दावा चालावा यासाठी आग्रह कोणी धरावयाचा? धनकोंनी, असे पुस्तकी उत्तर आहे. परंतु धनको म्हणजे एक जमात नव्हे. आपल्या उदाहरणातील बँकेकडे बाग गहाण आहे. गहाणदार धनकोचा हक्क नादारीने बाधित होत नाही; तो आपले तारण विकून आपली रक्कम वसूल करू शकतो. बँकेला दाव्याची गरजच नाही. उलट दावा चालला तर प्रकरण लांबेल, कागद वाढतील, याचाच तिला कंटाळा. दुकानदार हिशेब करतो की हमीसाठी 50 हजार घालावयाचे आणि पुन्हा पाच वर्षे थांबावयाचे, त्यापेक्षा अडीच लाखांतील जे पंचवीस-तीस हजार येतील ते बरे. सोयरे लाजेने पुढे येत नाहीत. राहिले मजूर. त्यांना कायद्याने अग्रक्रम दिलेला आहे, पण किती? 61 व्या कलमात नोकराच्या व मजुराच्या पगारापैकी अग्रक्रमाने द्यावयाची रक्कम 1920 साली ठरली ती माणशी वीस रुपये. कांदा लावणीच्या एका दिवसाच्या मजुरीत असे किती वीस बसतात, हे सभागृहातील कोणाही भगिनीला विचारावे.

दावा चालून जिंकला गेला असता तर? 14 लाखांतून 10 लाख 40 हजार फिटतात, मजुरांचे 40 हजार पुरे मिळतात, खर्च वजा जाता उरेल ते 67 व्या कलमाप्रमाणे शेतकऱ्याला परत मिळते, आणि बाग विकण्याची वेळ येत नाही. म्हणजे दावा सोडून देण्याचा तोटा सोसतात ते मजूर आणि खुद्द शेतकरी, आणि निर्णयात ज्यांचा आवाज सर्वांत क्षीण तेही हेच दोघे. निर्धन माणसाला न्यायालयीन शुल्क न भरता दावा लावू देणारा 33 वा आदेशही याच संहितेत आहे. निर्धनाला शुल्कमाफी आणि नादाराच्या रिसीव्हरकडून मात्र हमी, ही विसंगती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

नगर जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्यास दंग्याचा वणवा पेटला तो पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, नगर या तालुक्यांत पसरला. कुणब्यांनी सावकारांच्या घरांतून शोधून जाळले ते मुख्यतः कर्जरोखे आणि हुकूमनामे. कागदच आपल्याला लुबाडतो, हे त्यांना पक्के कळले होते. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर हे चार जिल्हे त्यात प्रथम आले. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने बंद केले, शेतकऱ्याच्या नादारीसाठी स्वतंत्र प्रकरण घातले, आणि न्यायाधीशावर असे कर्तव्य टाकले की रोख्यावर काय लिहिले आहे तेवढ्यावर न थांबता व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासावा. परकी सरकारने दंग्याच्या धाकाने केलेला तो कायदा होता. त्याच्या अंमलबजावणीत पळवाटा निघाल्या, शेतकऱ्यांचे कर्ज संपले नाही. पण कर्जदाराची बाजू न्यायालयाने आपण होऊन पाहावी, हे तत्त्व त्यात होते. पुढच्या कायद्यांत ते विरळ होत गेले.

आता सहकाराकडे वळू, कारण प्रवरेच्या आणि गोदावरीच्या पाटपाण्यावर जगणाऱ्या या मुलखात दिवाळे एकट्या माणसाचे क्वचितच निघते. संस्थेचे निघते. सहकारी संस्थेला 2016 ची संहिता लागत नाही. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे निबंधक ती गुंडाळण्याचा आदेश देतो आणि अवसायक नेमतो. संस्थेच्या वतीने दिवाणी-फौजदारी फिर्याद करण्याचा आणि चालविण्याचा अधिकार 105 व्या कलमाने या अवसायकाकडे जातो. ज्या संचालकांनी संस्था बुडविली त्यांच्याकडून नुकसान वसूल करण्याची तरतूद 88 व्या कलमात आहे. संस्था अवसायनात असताना सभासदाने स्वतः दिवाणी न्यायालयात जावयाचे म्हटले, तर 107 वे कलम वाट अडविते. निबंधकाची परवानगी आणा म्हणते. तेव्हा संस्थेचे जे काही येणे असेल, त्याची किल्ली सरकारने नेमलेल्या एका माणसाच्या खिशात असते. हा माणूस ज्या खात्याचा, त्या खात्याच्या नाकाखालीच संस्था बुडालेली असते. बुडविणारे पुष्कळदा अद्याप तालुक्याच्या राजकारणात असतात, आणि खाते ज्या मंत्र्याच्या हाताखाली चालते त्याच्याशी त्यांचे सूत जुळलेले असते. अवसायकाने फायली शोधून, तज्ज्ञ नेमून, अशा माणसांवर दावा चालवावा ही अपेक्षा ठेवण्यास हरकत नाही. फक्त ती अपेक्षा आहे, व्यवस्था नव्हे.

नगर अर्बन बँकेचे उदाहरण जिल्ह्याला ठाऊक आहे. शंभराहून अधिक वर्षांच्या या बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने 4 ऑक्टोबर 2023 रोजी रद्द केला. ठेवविम्याने पाच लाखांपर्यंतची ठेव सुरक्षित केली. त्यावरच्या रकमेचे भवितव्य बुडीत कर्जाच्या वसुलीवर, म्हणजेच अवसायक कोणते दावे किती नेटाने चालवितो यावर, टांगले गेले. तेथे ठेवीदार संघटित होऊन मागे लागले म्हणून निदान गोष्टी उजेडात आल्या. विखुरलेल्या पतसंस्थांच्या ठेवीदारांना ते क्वचितच साधते.

आणि हे केवळ सहकाराचे किंवा खेड्याचे दुखणे आहे, अशा भ्रमात राहू नये. मुंबईच्या दिवाण हौसिंग फायनान्सचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले आणि कंपनी नादारीत गेली. तिच्यातून संशयास्पद रीतीने बाहेर गेलेल्या रकमा प्रशासकाने शोधल्या त्या सुमारे 45 हजार कोटी रुपयांच्या. त्यांच्या वसुलीसाठी अर्जही दाखल झाले. कंपनी पिरामल समूहाला देण्याची योजना धनकोंच्या समितीने मंजूर केली, तेव्हा कपटी व्यवहारांतून पुढेमागे जे वसूल होईल ते नव्या मालकाचे ठरले, आणि त्या हक्काची किंमत लावण्यात आली एक रुपया. रोखेधारकांच्या वतीने याला आव्हान दिले गेले. जानेवारी 2022 मध्ये अपील न्यायाधिकरणाने हा भाग पुनर्विचारासाठी परत पाठविला. 1 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून समितीचा व्यवहार कायम ठेवला. धनकोंच्या समितीच्या व्यापारी शहाणपणात न्यायालयाने पडू नये, हे त्यामागचे सूत्र. बुडालेल्या कंपनीच्या येण्याला एक रुपया किंमत लावणे हे ज्यांचे शहाणपण, त्या समितीत मोठ्या धनकोंचे मताधिक्य होते. छोट्या ठेवीदाराला मत असले तरी ते मोजण्यापुरते.

समितीचे शहाणपण हेच अखेरचे, असे न्यायालयांनी नेहमीच मानले होते असे नाही. 10 डिसेंबर 1982 रोजी नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की कंपनी गुंडाळण्याच्या अर्जात कामगारांना आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. कंपनी कायद्यात तसे कोठेही लिहिलेले नव्हते. न्यायमूर्ती भगवती आणि चिन्नप्पा रेड्डी हे त्या बहुमतात होते. कामगाराचे श्रम कंपनीत गुंतलेले असतात, भांडवलदाराच्या पैशाइतकेच. मग त्याला बाहेर का उभे करावयाचे, असा विचार त्यामागे होता. 1985 साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांच्या थकबाकीला तारणधारक धनकोंच्या बरोबरीचे स्थान मिळाले. पेरूच्या बागेतील मजूर मात्र अजून वीस रुपयांवर आहे.

इंग्लंडमध्ये या पेचातून एक व्यवहारी वाट निघाली आहे. विश्वस्ताला दावा चालविणे परवडत नसेल तर तो दावा खुद्द दिवाळखोरालाच परत देतो, अट एवढीच की जिंकल्यास ठरावीक हिस्सा धनकोंना द्यावयाचा. 1977 साली रॅमझे विरुद्ध हार्टली या प्रकरणात तेथील अपील न्यायालयाने हे वैध ठरविले. आपल्याकडे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे सहावे कलम नुसता दावा करण्याचा हक्क दुसऱ्याला देऊ देत नाही, त्यामुळे अनिश्चित भरपाईच्या दाव्यांना ही वाट सहज खुली नाही. पण विकलेल्या मालाची किंमत हे निश्चित ऋण आहे आणि निश्चित ऋणाचे हस्तांतर कायद्याला मान्य आहे. पेरूच्या पैशांपुरता तरी हा विचार न्यायालयापुढे मांडून पाहता येईल.

कायदा बदलण्याची मागणी आपण करावीच: दावा सोडून देण्यालाही न्यायालयाची परवानगी लागावी, त्यापूर्वी नादाराला व प्रत्येक धनकोला नोटीस मिळावी, आणि वीस रुपयांचा आकडा पुस्तकातून जावा. अवसायकालाही हाच नियम लागू व्हावा. या मागण्या विधिमंडळात कोणी उचलीपर्यंत हातात आहे त्याचा उपयोग करावयाचा. हमीबाबत आठव्या नियमातच असे शब्द आहेत की विशेष कारण असल्यास न्यायालय वेगळा आदेश देऊ शकते. लेखी पावत्यांवर उभा असलेला दावा आणि त्यावर मजुरांची पुरी मजुरी अवलंबून असणे, हे विशेष कारण म्हणून मांडता येते. हमीची रक्कम एकट्या दुकानदाराला जड असेल, तर चार धनको मिळून ती उभी करू शकतात, आणि त्यांना गोळा करणे हे कार्यकर्त्याचेच काम आहे. तालुका विधी सेवा समितीकडे वकील मागता येतो. सर्वांत महत्त्वाचे 68 वे कलम. रिसीव्हरच्या कृतीने वा निर्णयाने ज्याचे नुकसान झाले तो धनको, दुसरा कोणी बाधित माणूस किंवा खुद्द नादारही न्यायालयाकडे दाद मागू शकतो, आणि न्यायालय तो निर्णय फिरवू शकते. मुदत आहे 21 दिवसांची, आणि ती निर्णय झाल्या दिवसापासून धावते.

निर्णय झाल्याचे नादाराला सहसा कोणी कळवीत नाही. तेव्हा पुढच्या महिन्यात राहात्याच्या न्यायालयात जाणाऱ्या कार्यकर्त्याने ज्या दाव्यांतील वादी दिवाळ्यात निघाला आहे त्यांचे क्रमांक प्रथम उतरून घ्यावेत. प्रत्येक तारखेचा रोजनामा आता भ्रमणध्वनीवरही दिसतो. रिसीव्हरने मुदत मागितली की नाही, हमी भरली की नाही, हे त्या रोजनाम्यात पाहावे, आणि क्रमांकासमोर एकविसावा दिवस कोणता येतो ती तारीख लिहून ती चिठ्ठी त्या माणसाच्या घरी नेऊन द्यावी.